मूळ फाइलला धक्का न लावता टिपण कसे जोडायचे?

मेहकर तालुक्यातल्या एखाद्या शेतकऱ्याने महाभूमी पोर्टलवरून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतरवला. इतर हक्कांच्या रकान्यात सोसायटीचा बोजा अजून दिसतो, कर्ज मात्र फिटले आहे. कागदावर त्याने बाजूला पेन्सिलने तसे लिहिले असते. पीडीएफमध्ये ते लिहिले तर अडचण होते.

डिजिटल स्वाक्षरी फाइलमधल्या बाइटांवरून काढलेल्या ठशावर आधारलेली असते. टिपण लिहून फाइल सेव्ह केली की स्वाक्षरीनंतर बदल झाल्याची सूचना दिसू शकते. 'प्रिंट टू पीडीएफ' केले तर स्वाक्षरी उरतच नाही, नुसते तिचे चित्र उरते. बँकेत पीक कर्जासाठी अशी फाइल दिली तर शंका येणारच.

उपाय जुनाच आहे: टिपण वेगळे ठेवायचे. फोटोग्राफर कच्च्या फोटोवरचे संस्कार शेजारच्या 'एक्सएमपी' फाइलीत ठेवतात. संशोधकांचे झोटेरो पीडीएफवरील खुणा स्वतःच्या डेटाबेसमध्ये साठवते. निर्यात करेपर्यंत मूळ पीडीएफ तशीच राहते. घरी एवढेही लागत नाही. 'गट-११२-सातबारा.पीडीएफ' शेजारी 'गट-११२-सातबारा-टिपण.टीएक्सटी' ठेवली की झाले. टिपणात तारीख, रकाना आणि पडताळणी क्रमांक जरूर लिहावा, कारण पुढच्या वर्षी नवा उतारा आला की कोणते टिपण कोणत्या उताऱ्याचे हे नावावरून कळत नाही.

या पद्धतीची खरी कमजोरी हीच. जोडी तुटते. कोणी एकाच फाइलीचे नाव बदलले किंवा एकच पुढे पाठवली की दुसरी पोरकी होते. म्हणून दोन्ही एका फोल्डरात ठेवून फोल्डरच हलवावा. मूळ फाइल 'रीड-ओन्ली' करावी. व्हॉट्सॲपवर ती 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावी. स्क्रीनशॉट ही नवीच फाइल असते, स्वाक्षरी तिच्यात येत नाही. मॅकवर फाइंडरमध्ये लिहिलेली कमेंट पेन ड्राइव्हवर नक्कल करताना गळू शकते, तिच्यावर भरवसा ठेवू नये.

पोथ्यांच्या काळी हाच प्रश्न उलट बाजूने येई. वाचकाने समासात लिहिलेले टिपण पुढचा लेखनिक मजकूर समजून ओळीत घेई. ज्ञानेश्वरीत अशी भर पडत गेल्याने एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि पुढे कोणी त्यात ओवी घालू नये असे शेवटी बजावून ठेवले.

बोजा मात्र टिपणाने उतरत नाही. त्यासाठी सोसायटीचा दाखला देऊन फेरफार नोंदवावा लागतो.