पाइपाचा हिशेब आणि बाबासाहेबांचा महालेखापरीक्षक

घटनाकार म्हणून बाबासाहेबांना आपण दरवर्षी हार घालतो. पण सरकारी तिजोरीचे अभ्यासक म्हणून त्यांना वाचणारे किती? 1925 मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा प्रबंध ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवर आहे. पुढे 30 मे 1949 रोजी घटना समितीत बोलताना त्यांनी महालेखापरीक्षकाला राज्यघटनेतील बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी म्हटले. त्याची जबाबदारी न्यायसंस्थेपेक्षाही मोठी आहे, पण त्या मानाने त्याला पुरेसे स्वातंत्र्य दिलेले नाही, ही खंतही त्यांनी बोलून दाखवली. सभागृहाने मंजूर केलेला पैसा त्याच कामावर आणि तेवढाच खर्च होतो की नाही, हे पाहणे त्याचे काम.

पण महालेखापरीक्षक शिक्षा देत नाही. कलम 151 प्रमाणे त्याचा अहवाल संसदेत किंवा विधिमंडळात मांडला जातो. पुढे लोकलेखा समिती सचिवांना समोर बसवून जाब विचारते. म्हणजे सभागृह जागे असेल तरच अहवालाला दात असतात. स्वतंत्र भारतातला पहिलाच गाजलेला खरेदी घोटाळा बघा. 1948 मध्ये लष्करासाठी लंडनमधून जीप घेण्याचा करार झाला. उच्चायुक्त होते व्ही. के. कृष्ण मेनन. लोकलेखा समितीने त्यावर ताशेरे ओढले. तरी 1955 मध्ये सरकारने प्रकरण संपल्याचे जाहीर केले आणि 1956 मध्ये मेनन केंद्रात मंत्री झाले.

हा इतिहास दिल्लीपुरता नाही. आपल्या औरंगाबादचे, आजच्या छत्रपती संभाजीनगरचे पाणी बघा. पैठणचे जायकवाडी धरण हाकेच्या अंतरावर, आणि भीमनगर-भावसिंगपुरा, मुकुंदवाडीच्या वस्त्यांत नळाच्या पाण्यासाठी दिवस मोजायचे. 792 कोटींची समांतर जलवाहिनी योजना खासगी कंपनीच्या हाती दिली गेली आणि जून 2016 मध्ये महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने तो करार रद्द केला. मग 2019 मध्ये 1680 कोटींची नवी योजना मंजूर झाली. डिसेंबर 2020 मध्ये तिचे भूमिपूजन झाले. पुढे आकडा 2740 कोटींवर गेला. म्हणजे हजार कोटींहून अधिक वाढ!

आता तारखा जुळवून बघा. एप्रिल 2020 मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकच कारभारी होता. मुदत संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे, असे 74 व्या घटनादुरुस्तीने आलेले कलम 243 यू सांगते. शहराच्या इतिहासातली सर्वांत महागडी योजना सुरू झाली, तिचा खर्च वाढला, आणि त्या काळात वॉर्डातून निवडून आलेला एकही माणूस सभागृहात उठून प्रश्न विचारू शकत नव्हता. शेवटी कामाचा जाब विचारायला उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठ पुढे आले, तेही जनहित याचिकेमुळे.

काही मित्र म्हणतील, नगरसेवक तरी कुठे धुतल्या तांदळाचे? मान्य. पण समांतरचा करार रद्द केला तो याच सभागृहाने. तिथे कोणी काय बोलले, कोणी हात वर केला, याची इतिवृत्तात नोंद राहते. बंद दाराआडच्या फाइलीला मतदार नसतो. सभागृह वाईट असेल तर ते बदलता येते. सभागृहच नसेल तर बदलायचे काय?

या शहरातली सर्वांत महाग बादली टँकरची, आणि ती गरीब विकत घेतो. चवदार तळ्याचा सत्याग्रह पाणी पिण्याच्या हक्कासाठी होता. त्याच हक्कात पाण्यावर खर्च झालेल्या पैशाचा हिशेब मागण्याचा हक्कही येतो, असे आम्ही मानतो. म्हणून आमची मागणी साधी आहे. दर तीन महिन्यांनी योजनेचा हिशेब सर्वसाधारण सभेपुढे यावा: किती किलोमीटर पाइप टाकला, किती बिल दिले, खर्च का वाढला, आणि कोणत्या वस्तीत पाणी पोहोचले. तो मराठीत छापून प्रत्येक वॉर्ड कार्यालयात लावावा. आपल्या वस्तीतल्या शिकलेल्या पोरापोरींनी तो बुद्धविहारात मोठ्याने वाचून दाखवावा.

जय भीम!