नागपाडा ते दस-नौ-आठ

भारतातले समाजकार्याचे पहिले पदव्युत्तर विद्यालय १९३६ साली मुंबईत नागपाड्यात सुरू झाले. भायखळ्याच्या अंगाला, कामाठीपुऱ्याच्या शेजारी असलेल्या या दाट वस्तीत अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट ‘नागपाडा नेबरहुड हाउस’ हे वस्तीकेंद्र आधीपासून चालवत होते. त्यांच्या पुढाकाराने आणि टाटा विश्वस्त निधीच्या पैशाने ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ उभे राहिले. मॅन्शार्ट त्याचे पहिले संचालक. १९४४ साली त्याचे नाव ‘टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस’ झाले, आणि १९५४ मध्ये संस्था देवनारला गेली.

वर्गाच्या दारातच वस्ती असल्यामुळे प्रत्यक्ष कामाला अभ्यासक्रमात सुरुवातीपासून जागा मिळाली. पुढे त्याची एक घडी बसली. आठवड्यातले दोन दिवस विद्यार्थी इस्पितळात, शाळेत, बालगृहात किंवा झोपडपट्टीत काम करतो, बाकीचे दिवस वर्गात बसतो. याला मराठीत क्षेत्रकार्य म्हणतात. विद्यार्थ्यांच्या बोलण्यात मात्र ते ‘फील्डवर्क’च. कोणाला भेटलो, काय बोलणे झाले, आपले कुठे चुकले, हे लिहून पर्यवेक्षकांपुढे ठेवायचे असते. या लिखाणाला सारेच कंटाळतात, पण सरकारी प्रश्न माणसाच्या तोंडून कसा ऐकायचा हे त्यातूनच कळत जाते.

सुरुवातीची पुस्तके बहुतेक अमेरिकी होती, आणि भर एकेका व्यक्तीची अडचण सोडवण्यावर होता. गरिबीच्या देशात हे पुरेसे नाही, ही टीका संस्थेवर पुष्कळ झाली आणि ती रास्त होती. तरीही एकेका प्रकरणातून सार्वजनिक व्यवस्थेतली उणीव दिसे, आणि ती भरून काढायला संस्था स्वतःच एखादा उपक्रम सुरू करी. १९३७ साली निघालेले बालमार्गदर्शन केंद्र हे त्याचे पहिले उदाहरण. १९४६ साली जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवकाचे पद आले. आज सरकारी इस्पितळात बिलासाठी, रक्तासाठी किंवा बेवारस रुग्णासाठी ज्या ‘सोशल वर्कर’कडे धाव घेतली जाते, तिच्या खुर्चीचा इतिहास इथून सुरू होतो.

१९८४ साली याच वाटेने मोठे पाऊल पडले. नवरा व सासरच्यांकडून होणाऱ्या क्रूरतेला गुन्हा ठरवणारे ४९८ अ हे कलम १९८३ मध्ये आले होते. पण चौकीवर गेलेल्या बाईला ‘घरचे भांडण घरात मिटवा’ हे उत्तर मिळतच राहिले. संस्थेने मुंबई पोलिसांच्या साथीने पोलीस आयुक्तालयातच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष काढला. तिथे बसणारी समाजकार्यकर्ती पोलीस नव्हती, पण पोलिसांच्या छपराखाली असल्याने तिच्या शब्दाला वजन होते. जागेची ही निवड हीच त्या उपक्रमाची खरी हुशारी. पुढे राज्य सरकारने हे कक्ष आपल्याकडे घेऊन जिल्ह्याजिल्ह्यांत नेले.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर पुनर्वसनात लोकांचा सहभाग घडवण्याच्या कामातही संस्था उतरली. कागदावरचे गावठाण आणि गावकऱ्यांच्या मनातले गाव यांतले अंतर तिथे लपण्यासारखे नव्हते.

सर्वांत दूर पोहोचली ती चाइल्डलाइन. संस्थेत शिकवणाऱ्या जेरू बिलिमोरिया रस्त्यावरच्या मुलांमध्ये काम करत. मार बसला, दुखणे आले किंवा पोलिसांनी पकडले की ती मुले रात्री-अपरात्री त्यांना फोन करत. एका बाईच्या फोनवर सगळा भार टाकून भागणारे नव्हते. म्हणून १९९६ साली क्षेत्रप्रकल्प म्हणून मुलांसाठी मोफत दूरध्वनी सेवा सुरू झाली. १०९८ हा तिचा क्रमांक ‘दस-नौ-आठ’ असा उतरत्या पायऱ्यांनी म्हणता येतो, त्यामुळे अक्षरओळख नसलेल्या मुलालाही तो पाठ होतो. फोन उचलणे सोपे होते. त्यानंतर मुलाला रात्री ठेवायचे कुठे, कोणत्या इस्पितळात न्यायचे, पोलिसांशी कोण बोलणार, याची साखळी शहरागणिक बांधावी लागली. केंद्र सरकारच्या पाठबळाने ती देशभर पसरली. १९९९ साली तिच्यासाठी स्वतंत्र प्रतिष्ठान निघाले, आणि २०२३ पासून हीच सेवा महिला व बालविकास यंत्रणेच्या हाती जाऊन ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली गेली.