विश्वस्त सिद्धांत

विश्वस्त सिद्धांत : श्रीमंत माणूस आपल्या संपत्तीचा निरंकुश धनी नसून समाजाच्या वतीने ती सांभाळणारा विश्वस्त आहे, असे मानणारा महात्मा गांधींचा आर्थिक-नैतिक विचार. ईशोपनिषद, गीतेतील अपरिग्रह, रस्किनचे ‘अन्टु धिस लास्ट’ आणि बॅरिस्टरीच्या अभ्यासात भेटलेला इंग्लंडचा न्यासविषयक कायदा ही त्याची उगमस्थाने.

या कल्पनेच्या सर्वांत जवळ पोहोचलेला धनिक म्हणून गांधींनी वर्ध्याच्या जमनालाल बजाजांकडे पाहिले.

राज्यसंस्थेविषयी मात्र गांधी साशंक होते. राज्य म्हणजे संघटित हिंसा, असे ते मानत. म्हणून आधी धनिकांचे मन वळवावे आणि ते न जमल्यास कमीत कमी बळ वापरून राज्याने मालकी घ्यावी, असे त्यांनी 1934 मध्ये सांगितले. 1940 च्या दशकात त्यांचे सहकारी किशोरलाल मशरूवाला आणि नरहरी परीख यांनी पुढाकार घेतलेल्या या सिद्धांताच्या मसुद्यात कायद्याचे नियंत्रण, किमान वेतन आणि कमाल उत्पन्नाची मर्यादाही आली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना धनिकांच्या सद्भावनेवरचा हा भरवसा भाबडा वाटला. ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये (1947) त्यांनी मूलभूत उद्योग आणि शेतजमीन राज्याच्या मालकीची करून ही तरतूद थेट संविधानात घालण्याची मागणी केली.