सॉल्टेअर : एका गिरणीमालकाचे गाव

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड शहर लोकरीच्या धंद्याने धनवान झाले आणि धुराने काळवंडले. १८४९ साली पटकीने तेथील कोंदट वस्त्यांत शेकडो बळी घेतले. त्या वेळी टायटस सॉल्ट (१८०३–१८७६) शहराचे महापौर होते.

लिव्हरपूलच्या गोदामात पडून राहिलेली अल्पाका लोकर विकत घेऊन, तिचे तलम कापड विणून त्यांनी अमाप संपत्ती मिळविली होती. पुढे शहराबाहेर, एअर नदीच्या काठी, त्यांनी नवी गिरणी उभारली. २० सप्टेंबर १८५३ रोजी, त्यांच्या पन्नासाव्या वाढदिवशी, तिचे उद्घाटन झाले. गिरणीभोवती कामगारांसाठी आठशेहून अधिक दगडी घरे, शाळा, इस्पितळ, स्नानगृहे, वृद्धांसाठी निवास आणि स्वतःच्या पंथाचे चर्च त्यांनी बांधले. गावाचे नाव पडले सॉल्टेअर.

तथापि या चित्राची दुसरी बाजूही आम्ही पाहिली पाहिजे. घर, काम आणि नियम एकाच मालकाच्या हाती होते. दारूच्या गुत्त्याला गावात मज्जाव होता, आणि मुले अर्धा दिवस शाळेत, तर अर्धा दिवस गिरणीत असत. जो देतो तोच नियम करतो; मग घेणाऱ्याच्या वाट्याला कृतज्ञता येते, हक्क येत नाही.

तरीही जानेवारी १८७७ मध्ये सॉल्ट यांच्या अंत्ययात्रेच्या वाटेवर सुमारे लाखभर लोक उभे होते. गिरणी १८८६ नव्हे, तर थेट १९८६ पर्यंत चालली. २००१ साली युनेस्कोने गावाला जागतिक वारसा ठरविले. श्रम करणाऱ्याला स्वच्छ हवा आणि पाणी हवे, हे सॉल्ट यांनी ओळखले. त्याचा शब्दही ऐकायला हवा, हे ओळखण्याचे काम मात्र पुढच्या पिढ्यांवर, म्हणजे आम्हांवर, राहिले.