दैनंदिनी आणि आभासी साहाय्यक : एक ऐतिहासिक मूल्यमापन

लंडनच्या रॉयल एक्स्चेंजमधील लेखनसाहित्य-विक्रेते जॉन लेट्स यांनी १८१२ मध्ये छापील दैनंदिनी विक्रीस आणली. पुढील तारखांची कोरी पाने हाती आल्यामुळे कामांची व भेटींची आगाऊ नोंद ठेवणे सुलभ झाले.

२०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘कोर्टाना’ हा आभासी साहाय्यक सादर केला. स्वीय साहाय्यकांच्या वहीच्या धर्तीवर त्यात ‘नोटबुक’ हा विभाग होता. वेळ, स्थळ किंवा विशिष्ट व्यक्तीशी होणारा संपर्क यांनुसार तो आठवण करून देई. कागदाला हे कधीच साधले नव्हते. तत्परतेच्या निकषावर आभासी साहाय्यक निःसंशय श्रेष्ठ ठरतो.

तथापि स्वामित्वाचा निकष लावल्यास निष्कर्ष बदलतो. कोर्टानाचे मोबाइल अ‍ॅप २०२१ मध्ये, तर विंडोजवरील अ‍ॅप २०२३ मध्ये बंद झाले. वापरकर्त्यांच्या याद्या व स्मरणनोंदी कंपनीच्याच ‘टू डू’ या अ‍ॅपमध्ये उपलब्ध राहिल्या. अर्थात नोंदी टिकल्या. परंतु त्या कोठे राहाव्यात, हे कंपनीने ठरविले.

सारांश, दैनंदिनी स्वतःहून आठवण देत नाही. मात्र ती जपावी की नष्ट करावी, हा अधिकार लिहिणाऱ्याकडेच राहतो. खासगी नोंदींना इतिहासाचे साधन मानणाऱ्या अभ्यासकांनी हा भेद दुर्लक्षू नये.