स्टेग्नर, वॉलेस

स्टेग्नर, वॉलेस अर्ल : (१८ फेब्रुवारी १९०९–१३ एप्रिल १९९३). अमेरिकन कादंबरीकार, इतिहासलेखक आणि निसर्गसंरक्षणाचे पुरस्कर्ते. अमेरिकेच्या पश्चिम भागाचा इतिहास तेथील अपुऱ्या पावसाच्या आधारे समजून घेतला पाहिजे, ही त्यांच्या लेखनामागील मुख्य भूमिका होती. वन्यप्रदेशांच्या रक्षणासाठी त्यांनी केलेले कार्यही याच भूमिकेतून झाले.

त्यांचा जन्म आयोवा राज्यातील लेक मिल्स येथे झाला. वडील नशीब काढण्यासाठी सतत गाव बदलत असल्याने कुटुंबाला स्थैर्य नव्हते. १९१४ ते १९२० या काळात ते कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात ईस्टएंड या नव्याने वसलेल्या गावी राहिले. मोंटॅनाच्या सीमेलगतच्या माळरानावर वडिलांनी गव्हाची शेती केली, पण अवर्षणामुळे ती बुडाली. कोरड्या मुलखात ओल्या प्रदेशाची शेती रुजवण्याच्या या प्रयत्नाचे चित्रण वूल्फ विलो (१९६२) या ग्रंथात आढळते. आठवणी, इतिहास आणि कथा यांची त्यात सांगड घातलेली आहे. कुटुंब १९२१ मध्ये सॉल्ट लेक सिटी येथे आले. स्टेग्नर १९३० मध्ये यूटा विद्यापीठाचे पदवीधर झाले आणि १९३५ मध्ये आयोवा विद्यापीठातून त्यांनी पीएच.डी. मिळवली. यूटाच्या पठारांचे सर्वेक्षण करणारे भूवैज्ञानिक क्लॅरेन्स डटन हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. १९३४ मध्ये त्यांचा विवाह मेरी स्टुअर्ट पेज यांच्याशी झाला.

विस्कॉन्सिन व हार्व्हर्ड विद्यापीठांत अध्यापन केल्यानंतर १९४५ मध्ये ते स्टॅनफर्ड विद्यापीठात आले. तेथे त्यांनी सर्जनशील लेखनाचा अभ्यासक्रम सुरू केला आणि १९७१ मध्ये निवृत्त होईपर्यंत तो चालवला. वेंडेल बेरी, एडवर्ड ॲबी, केन केसी, लॅरी मॅक्मर्ट्री हे लेखक या अभ्यासक्रमातून पुढे आले. तेथील लेखकांसाठीच्या शिष्यवृत्तीला आज स्टेग्नर यांचेच नाव आहे.

इतिहासलेखनातील त्यांचा प्रमुख ग्रंथ बियाँड द हंड्रेड्थ मेरिडियन (१९५४) हा होय. डटन यांचे वरिष्ठ सहकारी जॉन वेस्ली पॉवेल यांची कारकीर्द त्याच्या केंद्रस्थानी आहे. यादवी युद्धात एक हात गमावलेल्या पॉवेल यांनी १८६९ मध्ये होड्यांतून कोलोरॅडो नदीचा ग्रँड कॅन्यनमधील प्रवाह पार केला. पुढे ते अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले. १०० अंश पश्चिम रेखावृत्ताच्या पलीकडे वार्षिक पाऊस साधारणपणे २० इंचांहून कमी पडत असल्याने सिंचनावाचून शेतीचा भरवसा नाही, असे त्यांनी १८७८ च्या अहवालात मांडले. १८६२ च्या कायद्यानुसार वसाहतकऱ्याला १६० एकर जमीन मिळे. तेवढी जमीन पाण्याखाली आणणे एका कुटुंबाला झेपणारे नव्हते, आणि चराईसाठी ती फारच अपुरी होती. म्हणून बागायतीसाठी ८० व चराईसाठी २,५६० एकर असे क्षेत्र असावे आणि पाण्याचे व्यवस्थापन सहकाराने व्हावे, अशी शिफारस पॉवेल यांनी केली. जमिनीचे सट्टेबाज आणि पश्चिमेकडील राजकारणी यांच्या विरोधामुळे ती बारगळली. पश्चिमेच्या लोकप्रिय कथांतील एकांड्या वीरापेक्षा पाणी वाटून घेणारी वस्तीच तेथे टिकते, हा निष्कर्ष स्टेग्नर यांनी यातून काढला. मॉर्मन पंथीयांच्या सिंचनावर आधारित वसाहतींविषयी त्यांना वाटणाऱ्या आदराचे हेच कारण. स्वतः त्या पंथाचे नसूनही त्यांनी मॉर्मन कंट्री (१९४२) आणि द गॅदरिंग ऑफ झायन (१९६४) हे ग्रंथ लिहिले. द अनईझी चेअर (१९७४) हे इतिहासकार बर्नार्ड डी व्होटो यांचे चरित्र आहे. पश्चिमेतील सार्वजनिक जमिनी खासगी हातांत जाऊ नयेत म्हणून डी व्होटो यांनी केलेल्या लेखनाचा स्टेग्नर यांच्यावर मोठा प्रभाव होता.

संरक्षणकार्यात ते प्रत्यक्ष उतरले ते ईको पार्क धरणाच्या वादात. कोलोरॅडो व यूटा यांच्या सीमेवरील डायनोसॉर या राष्ट्रीय स्मारकक्षेत्रात ग्रीन आणि यँपा या नद्यांच्या संगमाजवळ हे धरण होणार होते. विरोधकांच्या बाजूने स्टेग्नर यांनी धिस इज डायनोसॉर (१९५५) हा सचित्र लेखसंग्रह संपादित केला व तो काँग्रेसच्या सदस्यांना पाठवण्यात आला. धरणयोजनेच्या १९५६ च्या कायद्यातून ईको पार्क वगळले गेले, मात्र त्याच कायद्याने ग्लेन कॅन्यन धरणाला मंजुरी मिळाली. तेथील जलाशयाला पॉवेल यांचे नाव देण्यात आले. त्यात बुडालेल्या दऱ्यांविषयी स्टेग्नर यांनी पुढे निबंध लिहिला.

३ डिसेंबर १९६० रोजी त्यांनी खुल्या निसर्गातील मनोरंजनाच्या साधनांचा आढावा घेणाऱ्या आयोगाच्या कामासाठी एक पत्र लिहिले. ‘वन्यप्रदेश पत्र’ म्हणून ते प्रसिद्ध आहे. वन्यप्रदेशांचे मोल केवळ शिकार, मासेमारी वा भटकंती यांवरून ठरवू नये. जे तेथे कधीच जाणार नाहीत त्यांच्या मनालाही अशा प्रदेशाच्या नुसत्या अस्तित्वाचा आधार असतो, असा त्यातील युक्तिवाद आहे. अंतर्गत विभागाचे (इंटिरिअर) मंत्री स्टुअर्ट उडाल यांनी १९६१ मध्ये एका परिषदेत ते वाचून दाखवले. त्याच वर्षी स्टेग्नर यांनी काही काळ उडाल यांचे विशेष साहाय्यक म्हणून काम केले. १९६४ च्या वन्यप्रदेश कायद्याने सुमारे ९१ लाख एकर जमिनीला संरक्षण मिळाले. या कायद्यासाठी चाललेल्या प्रचारात पत्राचा वापर झाला होता. राष्ट्रीय उद्यानांचे सल्लागार मंडळ आणि सिएरा क्लबचे संचालक मंडळ यांवरही स्टेग्नर होते. स्टॅनफर्ड परिसरातील टेकड्यांच्या रक्षणासाठी १९६२ मध्ये स्थापन झालेल्या समितीचे ते पहिले अध्यक्ष.

कादंबरीकार म्हणून द बिग रॉक कँडी माउंटन (१९४३) या आत्मचरित्रात्मक कृतीने त्यांचे नाव झाले. अँगल ऑफ रिपोझ (१९७१) या कादंबरीला १९७२ चे पुलित्झर पारितोषिक, तर द स्पेक्टेटर बर्ड (१९७६) या कादंबरीला नॅशनल बुक अवॉर्ड मिळाले. क्रॉसिंग टू सेफ्टी (१९८७) ही त्यांची अखेरची कादंबरी. अँगल ऑफ रिपोझमध्ये लेखिका-चित्रकार मेरी हॅलक फूट यांच्या पत्रांतील मजकुराचा मोठ्या प्रमाणावर वापर झाल्याने वाद निर्माण झाला. कुटुंबाकडून संमती मिळाली होती, तरी फूट यांच्या लेखनाचे श्रेय त्यांच्या नावाने दिले गेले नाही, हा आक्षेप कायम राहिला. स्टेग्नर यांच्या पश्चिमेत मूळ रहिवाशांचा वर्तमान दिसत नाही, अशी टीका डकोटा लेखिका एलिझाबेथ कुक-लिन यांनी केली.

१९९२ मध्ये कलाक्षेत्राच्या सरकारी अनुदानातील राजकीय हस्तक्षेपाच्या निषेधार्थ त्यांनी राष्ट्रीय कलापदक नाकारले. न्यू मेक्सिकोतील सँता फे येथे मोटार अपघातात झालेल्या दुखापतींमुळे त्यांचे निधन झाले.