मातीच्या मावळ्याची वर्दी

दिवाळीला आठ दिवस उरले की काळाचौकीच्या चाळींतली पोरे विटा, गोणपाटे आणि कुठल्याशा बांधकामावरून उचललेली माती यांच्या बळावर जिन्याखाली किल्ला उभारीत, त्यावर अळीव आणि मोहरी पेरीत, आणि लालबागच्या बाजारातून आणलेले मातीचे मावळे बुरुजाबुरुजांवर मांडीत. त्या सैन्यातला एक, वीतभरही उंच नसलेला आणि नाकाचा शेंडा उडालेला, माझ्या पेटीत आजवर टिकून राहिला आहे. अंगरखा पोपटी, चोळणा पिवळाधमक, मुंडासे तांबडे आणि चेहरा गुलाबी, असा त्याचा थाट. यंदा त्यास खऱ्याखुऱ्या रंगांत रंगवावे असे मनात आले, आणि त्या क्षुल्लक संकल्पाने मला बखरींच्या आणि पलटणींच्या इतिहासात बरेच दिवस हिंडविले.

पहिली अडचण अशी की मावळ्याला वर्दीच नव्हती. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस बखर लिहिणारा कृष्णाजी अनंत सभासद दहा असामींवर नाईक, पन्नासांवर हवालदार, त्यांवर जुमलेदार आणि हजारी अशी पायदळाची उतरंड नेटकेपणाने मांडतो. पण पोशाखाचे वर्णन तो करतो ते शिवाजी महाराजांच्या खास निवडक पायलोकांचे, ज्यांच्या डोईस मंदील, अंगात सकलादी वस्त्र आणि हातात सोन्यारुप्याची कडी असत. सकलाद म्हणजे विलायतेहून येणारी बनात. हा शब्द आणि इंग्रजांचा ‘स्कार्लेट’ हे बहुधा एकाच घराण्यातले. बाकीचा मावळा घरून निघताना जे अंगावर होते तेच लेवून गडावर चढला असणार: जाडेभरडे, न रंगविलेले सुती कापड, कमरेला शेला, खांद्यावर घोंगडी, आणि मावळातल्या चार महिन्यांच्या पावसाने या सर्वांना दिलेला एकच मातकट रंग. अशा रंगाची बाहुली बाजारात कोण घेणार? पोपटी अंगरखा हा कुंभाराच्या अज्ञानाचा नव्हे, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांचा दाखला आहे, असे माझे मत झाले आहे.

सगळ्यांना एकाच थानातले कापड ही कल्पना आपल्याकडे आली ती कवायती फौजेबरोबर. ‘गारदी’ हा शब्दच फिरंग्यांच्या ‘गार्द’वरून पडलेला; पानिपतावर इब्राहिमखानाचे गारदी लढले आणि पुढे 1784 पासून महादजी शिंद्यांच्या पदरी द बॉयन या फिरंगी सेनानीने विलायती धर्तीचे कंपू उभे केले. मुंबईत कंपनी सरकारने 1768 साली शिपायांची जी दुसरी बटालियन उभारली, तीच पुढे मराठ्यांची ‘जंगी पलटण’ झाली. त्या शिपायाच्या अंगात तांबडा डगला आला आणि कापडाचा खर्च त्याच्याच पगारातून कापला जाऊ लागला. वर्दी हे मूळचे शौर्याचे नव्हे, हजेरीपटाचे आणि खजिन्याचे अपत्य. एक गंमत मात्र पाहण्यासारखी आहे: डगला बदलला, टोपी बदलली, हत्यार बदलले, पण नाईक आणि हवालदार हे सभासदाच्या बखरीतले शब्द आजच्या हिंदी सैन्यातही जसेच्या तसे नांदत आहेत.

हे सारे वाचून झाल्यावर मी मावळा खरवडावयास घेतला. तो भाजक्या मातीचा होता म्हणून बरे. शाडूचा असता तर पाणी लागताच त्याचा चिखल झाला असता. ओल्या फडक्याने आणि बांबूच्या काडीने हळूहळू पोपटी निघाला, त्याखाली निळा लागला, निळ्याखाली तपकिरी, आणि सर्वांच्या तळाशी सफेत्याचा पहिला हात. रंगांची पुटे उतरली तशी साच्यातून उठलेली खरी घडण वर आली. छातीवर एकमेकांना छेदून गेलेले दोन पट्टे आणि त्यांच्या मध्यभागी गुंड्यांची ओळ! पट्ट्यांची ही फुली मावळ्याची नव्हे, पलटणीच्या शिपायाची. कोण्या कारागिराने शिपायाच्या साच्यातून बाहुली काढून तिला मिशा आणि मुंडासे देऊन मावळ्यांत भरती केले होते.

मला त्यात लबाडी दिसली नाही. पलटणीचे भरतीदार ज्या रत्नागिरी-सातारा जिल्ह्यांत फिरत, त्याच जिल्ह्यांतून गिरणीचा मजूर काळाचौकीस येई. एक भाऊ गिरणीत, दुसरा पलटणीत, आणि दोघांच्या मनिऑर्डरी एकाच गावच्या पोस्टात. पहिल्या महायुद्धात 103, 110 आणि 117 या क्रमांकांच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात सापडल्या आणि 29 एप्रिल 1916 रोजी शरण जाणाऱ्या सैन्यात त्यांचे शिपाई होते. त्यांच्या अंगावर अर्थात खाकी होती, म्हणजे ‘खाक’ या फार्सी शब्दाप्रमाणे धुळीचा रंग. शतकाहून अधिक काळाच्या तांबड्या बनातीनंतर सैन्य पुन्हा मावळ्याच्या मातकट रंगावर येऊन थांबले.

मी मात्र तांबडा डगलाच निवडला. इथेही भेद होता: अंमलदाराचा डगला किरमिजाच्या किड्यापासून काढलेल्या रंगाने झगझगे, शिपायाचा मंजिष्ठेच्या मुळीने रंगविलेला, विटेकडे झुकणारा. म्हणून बाजारी लालात काव मिसळली, बंध म्हणून डिंक घातला, पट्टे सफेत्याने रंगविले, आणि गळपट्टी व मनगटपट्ट्या काजळाने काळ्या केल्या. 105 क्रमांकाच्या मराठा पलटणीचे ते काठ काळे असत आणि तिला ‘काळी पाचवी’ म्हणत. आमच्या वस्तीच्या नावाशी तो रंग जुळला हा योगायोग मी निमूटपणे पदरात पाडून घेतला. गुलाबी चेहऱ्यास गव्हाळ केले आणि आखणी, म्हणजे डोळ्यांचे काम, मूर्तिकारांच्या रीतीप्रमाणे सर्वांत शेवटी ठेवली. नाकाचा शेंडा मुद्दामच बसविला नाही.

रंग वाळल्यावर बाहुली चाळीतल्या पोरांच्या हाती दिली आणि हा शिपाई आहे, याला दरवाज्याबाहेर उभा करा, असे सांगितले. त्यांनी त्याचे मुंडासे पाहिले, मिशा पाहिल्या, आणि त्याला वरच्या बुरुजावर मावळ्यांतच ठेवले.